कोयता एक, माणसं दोन

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



'स्थलांतरावरचं संशोधन आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम' असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी तो माझ्यापुरता सोपा करून घेते. कुणीतरी कागद-पेन घेऊन बायांकडे जातं, चार प्रश्न विचारतं, लिहून नेतं. त्या लिहिण्यातून बाईच्या पदरात काय पडतं? आणि जे विचारलंच गेलं नाही, त्याचं काय होतं? मी ऊसतोडीचंच उदाहरण घेणार आहे. ते आपल्या राज्यातलं आहे, आणि त्यावर अभ्यास झाले, समिती बसली, आदेशही निघाले. त्यामुळे हिशेब मांडता येतो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. निघण्याआधी मुकादम उचल देतो, ती 'कोयत्या'वर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटंच माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल घेतो नवरा, वहीत नाव नवऱ्याचं. बाई पहाटे भाकऱ्या थापते, फडात राबते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते आणि कोपीवर परतून पुन्हा चूल पेटवते. हे सगळं त्या एका कोयत्यात जमा होतं. तिची स्वतःची मजुरी किती, याचं उत्तर वहीत सापडत नाही. ती एक दिवस आजारी पडली तर मात्र खाडा लागतो, आणि तो पैशात वसूल होतो.

आता सरकारची वही बघू. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त बायका. मग धोरण ठरवताना बाईचा विचार आधी व्हायला हवा होता. तो का होत नाही? कारण स्थलांतराचं कारण विचारतात, आणि बाईच्या नावापुढे 'लग्न' लिहिलं जातं. २०२०-२१ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के जणींचं कारण लग्न आहे. हे खोटं नाही. पण लग्न होऊन आल्यावर ती वीटभट्टीवर गेली, फडावर गेली, शहरात धुणीभांडी करू लागली, ते त्या एका शब्दाखाली झाकून जातं. दिल्लीच्या सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने २०१२ च्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं. वीटभट्टी आणि ऊसतोडीतल्या 'जोडी'च्या मजुरीबद्दलही त्यांनी लिहिलं.

दुसरी गोष्ट वेळेची. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. तेव्हा फड जोरात चालू असतो. गावात घराला कुलूप, आणि फडाजवळच्या कोपीपर्यंत मोजणारा पोचेल याची खात्री कोण देणार?

आता २०१९ कडे येऊ. बीडमधल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जातात, अशा बातम्या आल्या. गावोगावच्या कार्यकर्त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. पाळीचा त्रास, अंगावर पांढरं जाणं, पोट दुखणं घेऊन बाई दवाखान्यात जायची. कॅन्सर होईल अशी भीती घातली जायची, आणि पिशवी काढून टाकली की खाड्याचीही कटकट मिटेल असा हिशेब घरातही व्हायचा. विधिमंडळात आवाज उठला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्याआधीच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं.

त्या आकड्यांनी काय केलं? पहिलं म्हणजे, ही कुजबुज राहिली नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात गर्भाशय काढायचं नाही, असा नियम बीडमध्ये झाला. मजुरांची नोंदणी, हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी यांवर बोलणं सुरू झालं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ उभं राहिलं. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांबद्दलच्या याचिकेवर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं अमलात आणायला सांगितलं. हे कमी नाही. मोजल्यामुळे ते घडलं, हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण हा नियम कुठे येऊन थांबतो? शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी. बाईला तिथपर्यंत नेणारा रस्ता तसाच आहे. कोपीजवळ न्हाणीघर नाही, पाळीत फडात आडोसा नाही, सुट्टी नाही, खाडा आहे, उचल आहे. आणि परवानगी बीडमध्ये लागत असेल, तर शेजारच्या जिल्ह्यात दवाखाने नाहीत का? पाहणीने गर्भाशयं मोजली, म्हणून आदेश गर्भाशयांपुरता निघाला. कोयत्यातली अर्धी मजुरी कोणाची, हे आकड्यात आलं नाही, म्हणून त्यावर आदेश नाही.

कायद्याचंही तसंच. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून सांगलीला गेलेली बाई त्यात बसतच नव्हती. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन केला, पण 'आंतरराज्य' हा शब्द तसाच ठेवला.

मोजलं नाही की काय होतं, हे टाळेबंदीने आपल्याला दाखवलं. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारलं गेलं की, घराकडे परतताना किती मजूर मेले? सरकारचं उत्तर होतं, अशी माहिती ठेवलेली नाही. मग नुकसानभरपाईचं काय? माहितीच नसल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.

म्हणून आपण काय करायचं? आपल्यापैकी बऱ्याच जणी कुठल्या ना कुठल्या पाहणीत प्रश्नावल्या भरतात. बाईला वेगळं बसवून विचारा, नवरा किंवा मुकादम उत्तर देऊ लागला तर थांबा. 'लग्न होऊन आले' एवढ्यावर समाधान मानू नका, आल्यावर कोणकोणती कामं केली ते लिहा. उचल कोणाच्या हातात पडली, खाडे किती झाले आणि कशामुळे, याचे स्वतंत्र रकाने ठेवा. आणि निष्कर्ष आधी त्या बायांसमोर वाचून दाखवा. चुकीचं असेल तर त्या तिथेच सांगतील, आणि मोर्चात आकडा त्यांच्याच तोंडून येईल.

शेवटचं. सरकारने २०२५ साली जाहीर केल्याप्रमाणे पुढच्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे पुन्हा फडाचेच दिवस. जनगणनेचे लोक कोपीपर्यंत गेले पाहिजेत, आणि तिथल्या प्रत्येक बाईच्या कामाच्या रकान्यात 'ऊसतोड मजूर' असं लिहिलं गेलं पाहिजे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना आणि कारखान्यांना निवेदनं द्यायची आहेत. मराठवाड्यातल्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या गटांनी मिळून ते करावं. निघण्याआधी या खोलीतच कोणत्या तालुक्याची जबाबदारी कोण घेणार, ते लिहून काढू या.