इशाऱ्याची किंमत



या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून जातात. आम्ही दहावीनंतर कारखान्यात शिरलो, आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या पिवळ्या दिव्याखाली वाचले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. विषय दिला आहे आपत्ती आणि स्थानिक कारभार यांचा. तो आम्ही आमच्या बाजूने, म्हणजे हजेरीपटाच्या बाजूने मांडणार आहोत.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. खोपोलीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात आम्ही रात्रपाळीला होतो. पावसाळ्याचे दिवस. मध्यरात्री गॅसगळतीचा भोंगा वाजला. खात्यातली सगळी माणसे कामे टाकून फाटकाबाहेर धावली आणि तासदीड तास भिजत उभी राहिली. शेवटी कळले की गळती वगैरे काही नव्हती, भोंग्याच्या तारेत पाणी शिरले होते. सर्वजण हसत हसत आत गेले. पण पगाराच्या दिवशी पाकीट उघडले तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापलेली. आम्ही साहेबांना विचारले, तर उत्तर मिळाले, "गळती झालीच नव्हती, मग तुम्ही काम का सोडलेत?"

काही महिन्यांनी भोंगा पुन्हा वाजला. या खेपेला फक्त नवी पोरे धावली. जुनी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत मशीनपाशी उभी राहिली, आणि त्यांत आम्हीही होतो. त्याही वेळी गळती नव्हती हे आमचे नशीब. ती रात्र आठवली की आजही लाज वाटते. पुढे दीड वर्ष भांडून आम्ही एक कलम करारात घालून घेतले : भोंगा वाजला की बाहेर उभे राहिलेला वेळ कामाचाच धरायचा, भोंगा खरा असो वा खोटा. त्यानंतर माणसे पुन्हा धावू लागली.

आता इर्शाळवाडीकडे वळू. कर्जत-पनवेल गाडीतून जाताना चौकच्या बाजूला इर्शाळगडाचा सुळका दिसतो, तो आपणांपैकी प्रत्येकाने पाहिला असेल. त्याच्या कुशीत ठाकरांची ही वाडी होती, वस्ती सुमारे सव्वादोनशे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, दहा-अकराच्या सुमारास, डोंगराचा कडा तिच्यावर आला. वर जायला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून तास-दीड तासाची निसरडी चढण. जेसीबी चढेना, हवा अशी की हेलिकॉप्टर उडेना, म्हणून जवानांनी, गिर्यारोहकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कुदळ-फावड्याने चिखल उपसला. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी ती चढण चढतानाच गेला. २७ प्रेते सापडली. २३ तारखेला शोध थांबला आणि उरलेल्या ५७ जणांना मृत धरण्यात आले. आश्रमशाळेत राहिलेली मुले वाचली, त्यांच्यातल्या कित्येकांना घरी परत जायला घर नव्हते की आईबाप नव्हते.

२०१४ च्या ३० जुलैला पुणे जिल्ह्यातले माळीण असेच गाडले गेले आणि दीडशेच्यावर माणसे गेली. तिथे गाव जागेवर नाही हे प्रथम एस.टी.च्या ड्रायव्हरच्या ध्यानात आले. इर्शाळवाडीला तर एस.टी.ही जात नव्हती! २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात महाडजवळचे तळिये गेले. एवढे होऊनही दरडीच्या धोक्यातल्या गावांची जी यादी तयार झाली होती, तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. हे दुर्घटनेनंतर विधानसभेतच सांगण्यात आले.

कायदा नाही असे नाही. २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आम्ही कलमवार वाचला आहे. त्याने जिल्ह्याचे प्राधिकरण नेमले, कलेक्टर त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा असावा आणि तो दरसाल तपासून नवा करावा, असे त्यात आहे. नगरपालिका-पंचायतींनी आपली माणसे शिकवून तयार ठेवावीत, सामान सज्ज ठेवावे, असेही आहे. दर मे महिन्यात तहसील कचेरीत पावसाळ्यापूर्वीची बैठक होते, नियंत्रण कक्षाचे फोन लावले जातात. हे सर्व चांगलेच आहे. यादीही सुधारली पाहिजे, आणि ती ग्रामसभेत वाडीवाडीचे नाव घेऊन वाचली गेली पाहिजे.

पण समजा, वाडी यादीत आली. पुढे काय? जुलैत तीन दिवस पाऊस कोसळतो. त्या इर्शाळवाडीच्या वेळी तीन दिवसांत जवळजवळ पाचशे मिलिमीटर पडला होता. तलाठी निरोप देतो, आज रात्री खाली शाळेत झोपायला या. आता त्या घरातल्या बाईच्या जागी बसून पाहा. लावणीचे दिवस, पहाटे दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला उभे राहायचे. शेळ्या कोणाच्या भरवशावर सोडायच्या? म्हातारीला पाठीवर घेऊन उतरायचे, ओल्या फरशीवर रात्र काढायची, आणि सकाळी दिवसभराची मजुरी बुडवून वर चढायचे. डोंगर जागच्या जागी! आठ दिवसांनी पुन्हा तोच निरोप. तिसऱ्या खेपेला ती बाई चुलीपाशीच बसून राहील, जसे आम्ही मशीनपाशी राहिलो होतो. मग शहरातले लोक म्हणणार, हे अडाणी, सांगून ऐकत नाहीत. आम्ही दोन इयत्ता अधिक शिकलेले होतो, तरी ऐकले नव्हते.

इर्शाळवाडीच्या मृतांच्या वारसांना सरकारने पाच-पाच लाख रुपये जाहीर केले. ते द्यायलाच हवे होते. परंतु माणूस मेल्यावर पाच लाख आणि जिवंतपणी खाली उतरल्याबद्दल एक वडापाव, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? डोंगर पडला की पंचनामा होतो, न पडलेल्या डोंगराचा पंचनामा कोणी करीत नाही. आणि ज्या तहसीलदाराने तीनदा वाडी खाली उतरवली आणि तिन्ही वेळा काही झाले नाही, त्याचीही थट्टाच होते. त्यालाही त्याच्या भोंग्याचे संरक्षण हवे.

आमची मागणी जुनीच आहे. खाली काढलेल्या प्रत्येक रात्रीबद्दल घरटी एका दिवसाची मजुरी, डोंगर पडो वा न पडो, दुसऱ्या दिवशी हातात. पंचायतीच्या खर्चाने खाली एक गुरांची शेड. आणि वाडीतच एक साधे पर्जन्यमापक, ज्याचा आकडा वाडीतलाच एक तरुण किंवा तरुणी पाहील आणि ठरलेल्या रेषेवर पाणी आले की कोणाची परवानगी न मागता शिट्टी वाजवील. १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात बदल झाला, तेव्हा धोका दिसताच तो बोलून दाखवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कारण धोक्यापाशी उभा असतो तो कामगार, आणि कचेरी असते लांब. डोंगराच्या बाबतीत ते वेगळे कसे असेल?

पैसे कोठून आणायचे, असे समोरचे एक गृहस्थ खुणेने विचारीत आहेत. कायद्यात आपत्ती टाळण्यासाठी निधीची तरतूद आहे, तिचा उपयोग यासाठी करा म्हणून ग्रामसभांनी ठराव धाडावेत. ठराव कसा लिहायचा ते आम्ही बसून लिहून देऊ, तेवढे आम्हांला येते.

शाळेच्या ओल्या फरशीचा प्रश्न मात्र आपल्याच हातातला आहे. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली येथे मंगल कार्यालये कितीतरी आहेत. चातुर्मासात लग्ने नसतात. ज्या महिन्यांत डोंगर खचतात, नेमक्या त्याच महिन्यांत ही कार्यालये बंद असतात. पंखे, संडास, भांडीकुंडी, सगळे आत कुलपात. मालकमंडळींपैकी काहीजण आज सभेला आलेली आम्हांला दिसत आहेत. पावसाला अजून दीड महिना आहे. सभा संपली की आम्ही दाराशी उभे आहोत. कोणत्या कार्यालयाची किल्ली रात्री कोणाकडे असते, एवढे आम्हांला सांगून जा.