पोष्टाच्या तिकिटांवरील घोडे

हिंगोली येथें पूर्वीं निझामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. तेथील घोडदळांत किती घोडे राबले, त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. म्हणूनच त्या गांवच्या एखाद्या मुलानें घोड्यांचीं तिकिटें जमवावींत, हें फार उचित होय.

सन १९५७ च्या पंधरा नव्या पैशांच्या तिकिटावर झांशीची राणी अश्वारूढ आहे. तेथें मान स्वाराचा. सन २००९ मध्यें काठेवाडी, मारवाडी, झंस्कारी व मणिपुरी घोड्यांचीं तिकिटें निघालीं. तेथें मान जातीचा. ऑस्ट्रेलियानें मात्र सन १९७८ मध्यें शर्यतीच्या घोड्यांस नांवानिशीं गौरविलें. त्यांतील फार लॅप यानें १९३० चा मेलबर्न कप जिंकला व १९३२ मध्यें तो अमेरिकेंत अकस्मात् मेला. त्याचें कातडें मेलबर्नला, हृदय कॅनबेराला व सांगाडा वेलिंग्टनला जतन केलेला आहे.

शर्यतीचा घोडा म्हटला कीं लोकांस पैज आठवते. संग्राहकाच्या वहींत पैजेला जागा नाहीं. तेथें तिकिटाखालीं घोड्याचें नांव, देश व साल लिहावयाचें असतें. आणि नांव लिहितांना त्या मुक्या जिवाचे श्रम मनांत येतात. हिंगोलीच्या छावणींतील घोड्यांच्या वांट्यास तेवढी एक ओळही आली नाहीं.