गोल कुणामुळे झाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलावर बोलण्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असेल, तर भजीच्या गाडीवरचा माणूससुद्धा कोणाला खेळवायला हवं होतं ते सांगतो. त्यामुळे मी आज फार शहाणपणा करणार नाही. तीसेक वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो, आता निवृत्तीनंतर सकाळी पोरांना खेळवतो. त्यातून जे उशिरा कळलं, तेवढंच सांगतो.

आपल्या गॅलरीत एक आरोळी कायम ऐकू येते. आपल्या गोलीकडे किंवा स्टॉपरकडे चेंडू आला, समोरून दोन-तीन जण धावत आले, की हजार माणसं एकदम ओरडतात, “मार की लांब!” मीही आयुष्यभर तेच ओरडलो. पण आता टीव्हीवर पाहिलं तर मोठमोठे संघ नेमकं उलटं करताना दिसतात. गोलीसमोर, अगदी मृत्यूच्या दारात म्हणावं अशा जागी, हे लोक छोटे छोटे पास देत बसतात. अनेक जण मला विचारतात, “सर, हा वेडेपणा कशासाठी?” तर त्याला कारण आहे.

आधी नियमांचं पाहू. १९९२ पर्यंत बचावपटू अडचणीत आला की चेंडू गोलीकडे ढकलायचा आणि गोली तो हातात घ्यायचा. १९९० च्या विश्वचषकात या वेळकाढूपणाचा कंटाळा आला आणि १९९२ मध्ये नियम बदलला. सहकाऱ्यानं जाणूनबुजून पायानं दिलेला चेंडू गोलीनं हातात घ्यायचा नाही. त्या दिवसापासून गोलीला पाय वापरणं भाग पडलं. दुसरा बदल २०१९ चा. पूर्वी गोलकिक मारल्यावर चेंडू मोठ्या डीच्या बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. आता चेंडू हलला की खेळ सुरू. आपले बचावपटू डीच्या आत उभे राहून पास घेऊ शकतात, आणि चेंडू हलेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना मात्र डीच्या बाहेर थांबावं लागतं. म्हणजे साडेसोळा मीटर खोलीची एक मोकळी खोलीच नियमानं बांधून दिली.

आता हिशेब पाहा. दोन्हीकडे अकरा-अकरा. समोरच्यांचा गोली त्यांच्या गोलपाशी राहणार, म्हणजे आपल्यावर दबाव टाकायला त्यांच्याकडे जास्तीत जास्त दहा जण. आपण मात्र गोली धरून अकरा. एक माणूस कुठे ना कुठे मोकळा असणारच. त्यांच्या दोन फॉरवर्डनी आपल्या दोन स्टॉपरना धरलं, तर गोली मोकळा. त्यातला एक गोलीवर धावून गेला, तर त्यानं सोडलेला स्टॉपर मोकळा. लांब मारलेल्या चेंडूवर हा फायदा हातचा जातो, कारण तिकडे त्यांचे बचावपटू समोर तोंड करून उभे असतात आणि आपला फॉरवर्ड पाठ करून उडी मारत असतो. चेंडू बहुतेक वेळा परत आपल्याच अंगावर येतो. म्हणजे आपण संकट टाळत नाही, चार सेकंदांनी पुढे ढकलतो.

अर्थात समोरचे काही दूधखुळे नसतात. चांगला फॉरवर्ड सरळ धावत येत नाही, वळसा घेऊन येतो. म्हणजे तो चेंडूवरही येतो आणि त्याच्या मागचा स्टॉपर त्याच्या सावलीतही राहतो. मग तुम्हाला माणूस मोकळा दिसतो, पण त्याच्यापर्यंतची वाट बंद असते. इथे तिसऱ्या माणसाची गरज लागते. गोलीनं मध्यरक्षकाला पास द्यायचा. मध्यरक्षकाचं तोंड आपल्या गोलकडे असतं, त्यामुळे सावलीतला स्टॉपर त्याला स्वच्छ दिसतो. त्यानं वळायचं नाही, एका स्पर्शात चेंडू त्या स्टॉपरला द्यायचा. फॉरवर्डची सारी धाव फुकट गेली आणि स्टॉपरसमोर मैदान उघडलं. सरळ रस्ता बंद असला की शेजारच्या गल्लीतून जातो ना आपण, तसंच.

दबाव टाकणारेही काही खुणांची वाट बघतात. पास हळू गेला, चेंडू उडत आला, घेणाऱ्याची पाठ पुढच्या गोलकडे असली, किंवा चेंडू बाजूच्या रेषेजवळच्या बॅकला गेला, की ते तुटून पडतात. रेषा तर त्यांचा बारावा खेळाडूच, ती कधी चकत नाही. म्हणून पास जोरात द्यायचा, जमिनीवरून द्यायचा, आणि घेणाऱ्यानं चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहून घ्यायचं, अंग अर्धं वळवून लांबच्या पायावर चेंडू घ्यायचा. दोन्ही स्टॉपरनी डीच्या कडांपर्यंत फाकायचं, दोन्ही बॅकनी रेषेला चिकटून वर जायचं. सगळे जवळ जवळ उभे राहिले तर एक माणूस तिघांना अडवतो.

ही मांडणी एका माणसाची नाही. अर्जेंटिनाचे रिकार्दो ला व्होल्पे २००६ च्या विश्वचषकात मेक्सिकोचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघात मध्यरक्षक खाली उतरून दोन स्टॉपरच्या मध्ये उभा राहायचा आणि दोघांचे तिघे व्हायचे. पेप गार्डिओलांनी त्या खेळाची जाहीर तारीफ केली होती आणि पुढे बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाल्यावर तोच धडा गिरवला. अलीकडे २०२२ ते २०२४ या काळात इटलीच्या रॉबेर्तो दे झेर्बी यांनी इंग्लंडच्या ब्रायटनला आणखी पुढची गोष्ट शिकवली. स्टॉपर चेंडूवर तळवा ठेवून चक्क उभा राहायचा. समोरच्याला अंगावर येऊ द्यायचा. तो आला की त्याच्या मागे जागा झालीच, मग तिथे पास. आमिष दाखवायचं, एवढंच. २०२२–२३ मध्ये ब्रायटन इंग्लिश लीगमध्ये सहावा आला आणि इतिहासात पहिल्यांदा युरोपच्या स्पर्धेला पात्र ठरला.

आणि एक गैरसमज दूर करतो. मागून खेळणं म्हणजे लांब न मारणं नव्हे. समोरच्यांनी सगळे दहा पुढे आणले, तर त्यांच्या मागे अर्धं मैदान रिकामं पडतं. तिथे लांब चेंडू टाकलाच पाहिजे. गोलकिकवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे कितीतरी पोरांना ठाऊकच नसतं. फरक एवढाच, की पाहून टाकलेला लांब चेंडू हा पास असतो आणि घाबरून मारलेला लांब चेंडू ही सुटका असते.

पण श्रोतेहो, हे सगळं फळ्यावर फार सोपं आहे. मैदानावर चूक होते. आणि इथली चूक झाकता येत नाही. फॉरवर्डनं दहा संध्या घालवल्या तरी अकराव्या गोलनं तो हिरो होतो. स्टॉपरचा एक पास चुकला की थेट गोल, आणि सगळं स्टेडियम त्याच्याकडे बोट दाखवतं.

१० डिसेंबर २०११. माद्रिदचं बेर्नाबेऊ मैदान, रेआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. सामना सुरू होऊन अर्धं मिनिटही झालेलं नाही. बार्सिलोनाचा गोली विक्टर वाल्देस यानं पास दिला, तो गेला नेमका माद्रिदच्या दी मारियाकडे, आणि बेन्झेमानं गोल केला. ऐंशी हजारांच्या आसपास माणसं अंगावर येऊन ओरडताहेत. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पुढचा प्रत्येक चेंडू गॅलरीत मारला असता. वाल्देस मात्र त्यानंतरही पास देत राहिला. बार्सिलोनानं तो सामना ३–१ असा जिंकला, आणि सामन्यानंतर गार्डिओलांनी कौतुक केलं ते चूक करणाऱ्या वाल्देसचं, कारण चुकीनंतरही तो खेळत राहिला.

एवढं लांब नको असेल तर आपल्या मुंबईचं घ्या. १३ मार्च २०२१, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, गोव्यात फातोर्ड्याला. करोनामुळे प्रेक्षक नाहीत. सर्जिओ लोबेरा यांचा मुंबई सिटी संघ वर्षभर मागून पास देत खेळला होता. अठराव्या मिनिटाला त्यांचा मध्यरक्षक अहमद जाहू यानं आपल्याच गोलसमोर चेंडू गमावला आणि मोहन बागानच्या डेव्हिड विल्यम्सनं गोल केला. मी घरात टीव्हीसमोर कपाळावर हात मारून घेतला. अकरा मिनिटांनी त्याच जाहूनं मागून एक लांब चेंडू टाकला, तो अडवताना बागानच्या तिरीचं हेडर स्वतःच्याच जाळ्यात गेलं. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला आणि मुंबई २–१ अशी जिंकली. चुकीनंतरही संघातले बाकीचे चेंडू जाहूकडेच देत राहिले, हे मला त्या सामन्यात महत्त्वाचं वाटलं.

कारण मी असं केलं नव्हतं. ते सांगण्यासाठीच खरं तर आज बसलोय.

२००८ सालची गोष्ट. आंतरशालेय स्पर्धा, पावसाळ्याचे दिवस, मैदान अर्धं चिखलाचं. माझ्या संघात आठवीतला एक स्टॉपर होता. त्याचं नाव सांगत नाही. शांत मुलगा, डोकं वर ठेवून खेळायचा. सगळे धोपटत असताना हा पास शोधायचा. उपांत्य सामन्यात बरोबरी होती, शेवटची पाच मिनिटं. त्याच्याकडे चेंडू आला, दोघं अंगावर आले, त्यानं मध्ये पास दिला. तो अडवला गेला आणि गोल झाला. मी रेषेवरून सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. “शहाणपणा कुणी सांगितला होता? लांब मारता येत नाही?” त्याच वेळी त्याला बाहेर काढला.

पुढच्या वर्षी तो सरावाला यायचा, पण चेंडू आला की डोळे मिटून मारायचा. मी म्हणायचो, “शाब्बास!” दहावीला त्यानं खेळ सोडला.

काही वर्षांनी एका कामासाठी उद्यमनगरात गेलो होतो. एका वर्कशॉपमध्ये लेथवर तो उभा होता. हात पुसत बाहेर आला, चहा मागवला. बोलता बोलता तो सामना निघाला. मी म्हणालो, “तेव्हा तो पास दिला नसतास तर...” तो जरा थांबला. मग म्हणाला, “सर, पास चुकला नव्हता. पुढचा हललाच नव्हता. मी तिघांकडं बघितलं, तिघं पण माझ्याकडं पाठ करून उभे. पाण्यामुळं चेंडूपण अडकला. मग कुठं देऊ?”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. सुट्या भागाचं माप सांगावं तसं त्यानं सांगितलं. मी घरी आलो आणि बराच वेळ तो क्षण आठवत बसलो. त्याचं खरं होतं. मध्यरक्षक खाली उतरला नव्हता, बॅक रुंद झाला नव्हता, गोली हाक द्यायची सोडून खांबाला टेकून उभा होता. आणि हे कुणी करायचं, ते त्यांना मी कधी शिकवलंच नव्हतं. चिखलात छोटा पास द्यायचा नाही, हे सांगणंही माझंच काम होतं. गोल झाला तो चौघा-पाचांमुळे, त्यातला एक मी. शिक्षा झाली ती एकट्याला.

मागून खेळण्याचं सगळं तंत्र याच एका गोष्टीवर उभं आहे. ज्याच्या पायाशी चेंडू आहे, त्याच्यापेक्षा ज्यांच्याकडे नाही त्यांचं काम जास्त आहे. त्यांनी हलायचं, दिसायचं, हाक द्यायची. चेंडू असलेल्याला किमान दोन वाटा मिळाल्याच पाहिजेत. त्या मिळाल्या नाहीत, तर तो पास कितीही वाईट दिसो, चूक संघाची.

आता माझ्या सकाळच्या पोरांत एक नियम आहे. मागून खेळताना गोल खाल्ला, तर आधी चेंडू गमावणाऱ्याला विचारायचं नाही. बाकीच्यांना विचारायचं, “त्याला पास द्यायला कोण मोकळं होतं?” हात वर करा. पहिल्यांदा कुणाचाच हात वर होत नाही. महिन्याभरानं दोन-तीन होतात. दुसरा नियम, ज्यानं चूक केली त्यालाच पुढचा चेंडू द्यायचा. आणि तिसरा, मैदान ओलं-खडबडीत असेल किंवा सगळे माणसाला माणूस धरून उभे असतील, तर लांब टाकायचा, पण पाहून, आणि पुढच्यांना आधी सांगून.

यात आम्ही सामने हरतो, हेही सांगतो. मागे एका स्पर्धेत असाच गोल खाल्ला. एक पालक चिडून आले, “सर, पोराच्या खेळाच्या गुणांचा प्रश्न आहे, प्रयोग कसले करताय?” त्यांचं चुकीचं नव्हतं. त्यांना मी एवढंच म्हटलं, की तेरा-चौदा वर्षांच्या पोराला मी आज लांब मारायला लावलं तर कदाचित हा सामना जिंकू, पण अठराव्या वर्षी त्याला चेंडूची भीती वाटेल. त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. पण पोरगं दुसऱ्या दिवशी सरावाला आलं.

तेव्हा पुढच्या वेळी गॅलरीत बसाल आणि एखाद्या स्टॉपरच्या पायाशी चेंडू येईल, तेव्हा ओरडण्याआधी एकच करा. नजर त्याच्यावरून काढा आणि इतर दहा जण काय करताहेत ते बघा. सामना वेगळाच दिसायला लागेल. आणि मग ओरडायचंच असेल, तर त्या दहांवर ओरडा.