ऐकणारीचा रेडिओ



पूर्वी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरसाल फी भरून परवाना घ्यावा लागे. ती फी पुढे बंद झाली. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती आल्या. जाहिरातदाराला गिऱ्हाईक हवे असते; आपल्याला मात्र कपाशीवरची बोंडअळी, बाळंतिणीचा आहार, बचत गटाचे व्याज यांवर बोलणारे माणूस हवे असते.

सरकारने २००६ साली सेवाभावी संस्थांनाही लहान रेडिओ केंद्र काढण्याची मुभा दिली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ साली ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो; पण मोताळ्याला तेवढा पुष्कळ झाला.

नफा नको म्हटले तरी वीज, यंत्रे, माणसे यांचा खर्च चुकत नाही. तो ऐकणारीने थोडाथोडा उचलला, तरच तिच्या शब्दाला तेथे मान राहील. संक्रांतीच्या वाणाला आपण जेवढे खर्चतो, तेवढे वर्षाकाठी यासाठी काढणे अवघड नाही. मंडळाने हा विषय पुढच्या सभेत घ्यावा, एवढी विनंती आहे.