केनिया : मूठभर गोऱ्यांच्या हुकमतीची यंत्रणा

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ब्रिटिश साम्राज्य तोफा-बंदुकांच्या जोरावर उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तोफ मुलूख जिंकून देते. रोजचा वसूल गोळा करीत नाही आणि मळ्यावर मजूर आणून उभा करीत नाही. मूठभर अधिकाऱ्यांनी लाखोंच्या वस्तीवर दोन-तीन पिढ्या हुकमत कशी चालविली, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतोच. पूर्व आफ्रिकेतील केनियात त्याचे उत्तर फार स्वच्छ दिसते, आणि केनियाचा इतिहास भारतीय कामगारवर्गाला परकाही नाही.

१८९५ साली ब्रिटनने हा प्रदेश आपल्या ‘संरक्षणा’खाली घेतला. कोणाचे संरक्षण आणि कोणापासून, हे पुढे दिसून आलेच. दुसऱ्याच वर्षी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे घालण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर भारतातून करारावर नेण्यात आले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मरण पावले. रेल्वेचा खर्च भरून निघण्यासाठी माल हवा, मालासाठी मळे हवेत, आणि मळ्यांसाठी जमीन व मजूर हवेत. जमिनीचा प्रश्न कायद्याच्या लेखणीने सुटला. १९०२ आणि १९१५ च्या कायद्यांनी आफ्रिकी शेतकऱ्यांच्या व गुराख्यांच्या जमिनी ब्रिटिश राजाच्या मालकीच्या ठरविल्या. उंच पठारावरील थंड हवेची सुपीक जमीन गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखून ठेवली गेली आणि १९१५ पासून तिचे पट्टे ९९९ वर्षांच्या मुदतीने मिळू लागले. मूळ रहिवाशांना जमातवार ‘राखीव प्रदेशां’त कोंडण्यात आले.

मजुरांचा प्रश्न अधिक बिकट होता. ज्याच्याजवळ शेत आहे, शेळ्या आहेत, तो दुसऱ्याच्या मळ्यावर कशासाठी जाईल? येथे साम्राज्यशाहीने जे हत्यार उपसले ते बंदुकीपेक्षा स्वस्त होते. प्रत्येक झोपडीवर कर बसविण्यात आला, पुढे १९१० साली त्याच्या जोडीला डोईपट्टी आली. कर भरावयाचा तो रोख. त्या काळी तेथील चलन भारतीय रुपयाच होते. रोकड मिळविण्याचा एक मार्ग पीक विकण्याचा. पण कॉफीसारखे नगदी पीक गोऱ्यांनी आपल्या हाती ठेवले होते, आणि किकुयु शेतकऱ्याला दुसरे महायुद्ध संपेपर्यंत कॉफी मोकळेपणाने लावता येत नव्हती. उरला एकच मार्ग : मजुरी. १९१९ साली गव्हर्नर नॉर्दी याने परिपत्रक काढून अधिकाऱ्यांनी व मुखियांनी लोकांना मळ्यांवर जाण्यास ‘प्रोत्साहन’ द्यावे असे फर्माविले. मुखियाच्या तोंडून आलेल्या प्रोत्साहनाचा अर्थ गावातल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मजूर मळ्यावर आला तरी टिकेल कशावरून? त्यासाठी ‘किपांडे’. १९१५ च्या नोंदणी कायद्याची अंमलबजावणी महायुद्धानंतर सुरू झाली आणि वयात आलेल्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला बोटांच्या ठशांसह एक नोंदपत्र जवळ बाळगणे सक्तीचे झाले. ते पत्र्याच्या डबीत घालून दोरीने गळ्यात अडकवावे लागे. कोठे काम केले, किती पगारावर केले, हे मालक त्यात लिहीत असे. मालकाने सुटकेची सही केली नाही तर दुसरीकडे काम मिळणे अशक्य; सोडून गेला तर फरारी म्हणून पकडला जाई. लोक त्या डबीला बकरीच्या गळ्यातील घंटा म्हणत. ठसे घेण्याची ही विद्या कारभारासाठी प्रथम बंगालमध्ये वापरली गेली होती. केनियात १९३० पर्यंत लागू असलेला फौजदारी कायदाही भारतीय दंडविधानच होता. एका वसाहतीत घासूनपुसून पाहिलेले हत्यार दुसरीकडे नेण्यात इंग्रज राज्यकर्ते वाकबगार होते.

ही सारी यंत्रणा चालवी कोण? हातावर मोजण्याइतके जिल्हाधिकारी गावोगाव फिरू शकत नव्हते. मद्रासमध्ये जन्मलेल्या आणि हिंदुस्थानात लष्करी नोकरी केलेल्या लुगार्डने नायजेरियाच्या उत्तर भागात अमीरांना गादीवर ठेवून त्यांच्याच हातून राज्य करण्याची पद्धत रूढ केली आणि १९२२ साली ग्रंथ लिहून तिचे तत्त्वज्ञानही सजविले. संस्थानिकांचा अनुभव असलेल्या भारतीय श्रोत्याला त्यात नवे काही वाटणार नाही. पण केनियात किकुयु लोकांना अमीरही नव्हते आणि राजेही नव्हते. त्यांचा कारभार वडीलधाऱ्यांच्या मंडळांतून चाले. तेव्हा सरकारने मुखिया निर्माण केले. १९०२ चा कायदा त्यासाठीच झाला. नेमणूक सरकारची, पगार सरकारचा, आणि कर वसूल करणे, मजूर पुरविणे, रस्त्यावर बिनपगारी राबविणे ही कामे त्याची. गावाचा राग त्याच्यावर निघे. गोरा साहेब वर बसून तंटा मिटविणारा न्यायाधीश ठरे.

१९२१ साली मळेवाल्यांनी आफ्रिकी मजुरांची मजुरी एकतृतीयांशाने कमी करण्याचे ठरविले, तेव्हा हॅरी थुकू या तरुण टेलिफोन कारकुनाने नैरोबीत संघटना उभारली. १४ मार्च १९२२ रोजी त्याला अटक झाली. दोन दिवसांनी सुटकेसाठी जमलेल्या जमावावर गोळीबार झाला; मेरी न्यांजिरू ही पुढाकार घेणारी स्त्री आणि इतर कित्येक जण ठार झाले. थुकूला खटला न चालविताच हद्दपार करण्यात आले. त्याला नैरोबीतील मणिलाल देसाई या भारतीय संपादकाचे साहाय्य होते, आणि सरकारला नेमकी हीच युती खुपत होती. १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने आफ्रिकी जनतेचे हित सर्वोपरी असल्याचे जाहीर केले. त्या तत्त्वाचा उपयोग झाला तो भारतीयांच्या समान हक्कांच्या मागणीला नकार देण्यासाठी. राखीव पठार गोऱ्यांकडेच राहिले. भारतीय व्यापारीवर्गानेही पुष्कळदा आपल्या दुकानापलीकडे पाहिले नाही, हे येथे लपविण्याचे कारण नाही.

ही भिंत तोडण्याचा प्रयत्न केला तो माखनसिंग यांनी. पंजाबात जन्मलेले आणि लहानपणीच केनियात गेलेले माखनसिंग यांनी १९३५ पासून नैरोबीत कामगार संघटना बांधली आणि ती सर्व वंशांच्या कामगारांना खुली केली. १९४० साली भारतात आले असता त्यांना अटक झाली. देवळीच्या छावणीत, जेथे भारतातील अनेक कम्युनिस्ट स्थानबद्ध होते, तेथे त्यांनीही दिवस काढले. १९४७ साली ते केनियात परतले, १९४९ साली फ्रेड कुबाई यांच्यासह पूर्व आफ्रिकी ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन केली आणि एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या जाहीर सभेत संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. महिन्याभरात दोघांनाही अटक झाली. शहरात सार्वत्रिक संप झाला. माखनसिंग सुटले ते १९६१ च्या ऑक्टोबरात.

किकुयु शेतकऱ्यांनी शस्त्र हाती घेतले तेव्हा सारा मुखवटा गळून पडला. २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी पुकारण्यात आली. आणीबाणीच्या वर्षांत हजारावर माणसे फासावर चढविली गेली. गोऱ्या रहिवाशांपैकी ठार झालेल्यांची संख्या ३२ होती. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीला वेढा घालून हजारोंची धरपकड झाली, आणि दहा लाखांहून अधिक ग्रामीण किकुयु जनतेला घरे मोडून काटेरी तारांच्या, पहाऱ्यातील वस्त्यांत हाकलण्यात आले. औंधचे अप्पासाहेब पंत तेव्हा भारत सरकारचे आयुक्त म्हणून नैरोबीत होते. आफ्रिकी जनतेविषयीची त्यांची सहानुभूती ब्रिटिशांना इतकी बोचली की १९५४ मध्ये त्यांना तेथून हलविण्यात आले.

या दडपशाहीतही जुनी रीत सुटली नाही. सरकारच्या बाजूने ‘होमगार्ड’ म्हणून उभे राहिले तेही किकुयुच. त्यांना केवळ गद्दार म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण १९५४ च्या स्विनर्टन योजनेखाली जमिनींचे एकत्रीकरण होऊन खाजगी मालकीचे दाखले वाटले गेले ते डोंगरात आणि छावणीत असलेल्यांच्या गैरहजेरीत. निष्ठेची किंमत जमिनीत मोजली गेली आणि एक नवा मालकवर्ग तयार झाला.

३ मार्च १९५९ रोजी होला येथील छावणीत काम करण्यास नकार देणाऱ्या ११ कैद्यांना पहारेकऱ्यांनी बडवून ठार केले. पाणी पिऊन मेले, असे सरकारी निवेदन प्रथम निघाले. वसाहती सोडण्याची वेळ आली तेव्हा, १९६१ मध्ये, राणीच्या सरकारला अडचणीत आणतील असे कागद नव्या सरकारच्या हाती पडू देऊ नयेत, असा आदेश लंडनहून सुटला. कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे जाळले गेले. काही विमानाने इंग्लंडला नेऊन हॅन्स्लोप पार्क येथे दडविण्यात आले. ते उजेडात आले २०११ साली, छळ सोसलेल्या वृद्ध केनियन स्त्री-पुरुषांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावल्यामुळे. ३७ वसाहतींच्या हजारो फायली तेथे निघाल्या. जून २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त करून ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली. कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारली.

जमिनीचा हिशेब वेगळ्या रीतीने मिटविला गेला. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. त्या सुमारास गोऱ्यांचे मळे बाजारभावाने विकत घेण्यासाठी ब्रिटनने आणि जागतिक बँकेने कर्जे दिली. पैसा गेला मळेवाल्यांच्या खिशात, आणि ज्या शेतकऱ्यांच्या आजोबांची ती जमीन १९०२ च्या कायद्याने राजाची झाली होती, त्यांच्या नावावर हप्ते लागले.