उपेन्द्रनाथ अश्क : लेखणी आणि प्रकाशन
(गुरुग्राम येथे मराठी वाचकांपुढे दिलेले व्याख्यान)



ज्या भूमीवर आपण आज जमलो आहोत, ती १ नोव्हेंबर १९६६ पर्यंत पंजाब राज्यात मोडत होती. त्याच पंजाबातील जालंधर शहरी १४ डिसेंबर १९१० रोजी उपेन्द्रनाथ अश्क यांचा जन्म झाला. नाटककार, कादंबरीकार आणि प्रकाशक अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी हिंदी साहित्याची सेवा केली. मराठी वाचकांना हे नाव फारसे परिचित नसेल. तथापि त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते महाराष्ट्रातच.

अश्कांनी आरंभी उर्दूत लेखन केले. प्रेमचंदांच्या प्रेरणेने ते हिंदीकडे वळले. १९३६ साली ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. पण त्याच वर्षी पत्नी शीलादेवी क्षयाने निवर्तल्या आणि न्यायखात्यातील नोकरीचा विचार त्यांनी सोडून दिला. १९४१ साली ते दिल्लीच्या आकाशवाणीवर रुजू झाले. तेथे सआदत हसन मंटो यांच्याशी त्यांची जी चुरस जुंपली, तिच्यातून पुढे ‘मंटो : मेरा दुश्मन’ हे संस्मरणात्मक पुस्तक निर्माण झाले.

त्यांची नाटके मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत घडतात. ‘छठा बेटा’मधील वृद्ध बाप स्वप्नात सोडतीचे मोठे बक्षीस मिळवतो आणि एरवी त्याला टाळणारे मुलगे एकाएकी सेवेस हजर होतात. ‘अंजो दीदी’तील गृहिणी सारे घर घड्याळाच्या काट्यावर चालवते, तिच्या मृत्यूनंतरही घरावर सत्ता तिचीच राहते. जी शिस्त आधार म्हणून स्वीकारावी, तीच माणसाला कशी गुदमरवते, हे येथे कोणताही उपदेश न करता दाखविले आहे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिरती दीवारें’ या कादंबरीत चेतन नावाच्या तरुणाची धडपड आहे. त्याची कथा अश्क पुढे अनेक खंडांतून सांगत राहिले.

मुंबईत चित्रपटांसाठी लेखन करीत असता अश्कांना क्षयाने ग्रासले. पाचगणीच्या आरोग्यधामात त्यांनी दीर्घकाळ उपचार घेतले. तेथून १९४८ साली ते अलाहाबादेस गेले. नोकरी नाही, प्रकृती नाजूक आणि उदरनिर्वाहाचे साधन केवळ लेखणी, अशा स्थितीत त्यांच्या तिसऱ्या पत्नी कौशल्या यांनी प्रकाशनाचा भार उचलला. मुलाच्या नावावरून संस्थेस ‘नीलाभ प्रकाशन’ असे नाव मिळाले.

लेखकाने स्वतःच प्रकाशक व्हावे, यात लाभ आहे तसा धोकाही आहे. हस्तलिखित दुसऱ्याच्या दारी ताटकळत नाही, जुनी पुस्तके बाजारातून नाहीशी होत नाहीत. परंतु ‘हे पान गाळा’ असे सांगणारा परका माणूसही उरत नाही. अश्कांच्या प्रचंड ग्रंथसंभाराकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. मराठीत हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र काढले, तेव्हा दर आठवड्याचा मजकूर पुरविण्याचे ओझे त्यांच्या कादंबऱ्यांनीही वाहिलेच.

१९६५ साली संगीत नाटक अकादमीने अश्कांच्या नाट्यलेखनाचा गौरव केला. १९ जानेवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. चेतनची कथा त्यांना मनाजोगी पुरी करता आली नाही. मात्र ती किती लांबवावी, याचा निर्णय अखेरपर्यंत त्यांच्याच हाती राहिला. लेखकाच्या स्वातंत्र्याचे मोल कोणते, हे या एका गोष्टीवरून कळते.