अर्ध्या वाटेवर थांबविलेली अभिक्रिया
(वर्तकनगर, ठाणे येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ चौधरी आणि त्यांचे सहकारी रोडे व वैद्य यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जे एक काम केले, त्याची हकीगत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. ती वर्तकनगरात मांडण्याचे प्रयोजन असे की, ज्या प्रकारच्या कारखानदारीला हे काम उपयोगी पडावे, ती ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून तिकडे डोंबिवली-अंबरनाथपर्यंत आपल्या अवतीभवती पसरलेली आहे. तिच्यात आयुष्यभर पाळ्या करून ज्यांनी घर चालविले अशी माणसे या सभागृहातही बसलेली असतील.

विषय क्षपणाचा आहे. एखाद्या कार्बनी द्रव्यातील ऑक्सिजन काढून घेणे किंवा त्याला हायड्रोजन देणे, एवढाच त्याचा स्थूल अर्थ. नायट्रोबेंझीन नावाच्या पिवळसर, कडू बदामासारख्या वासाच्या तेलातील नायट्रो गटाचे क्षपण केले की ॲनिलिन मिळते, आणि ॲनिलिनपासून रंग, औषधे व रबरात घालावयाची द्रव्ये असा मोठा परिवार उभा राहतो. रशियन रसायनज्ञ झिनिन यांनी १८४२ साली हे क्षपण अमोनियम सल्फाइडने केले. १८५४ साली बेशां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लोखंडाचा कीस आणि आम्ल यांनी ते स्वस्तात करून दाखविले. आणि पुढे दोनच वर्षांनी पर्किन यांना ॲनिलिनपासून जांभळा रंग गवसल्यामुळे बेशां यांची ती कृती प्रयोगशाळेतून उठून कारखान्यात गेली व तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला राहिली.

ही रीत ज्यांनी चालविली आहे त्यांना तिचे वर्णन सांगावयास नको. पण इतरांसाठी सांगतो. मोठ्या भांड्यात पाणी, थोडे आम्ल आणि बीडाचा कीस घालून वाफेने तापवावयाचे, वरून नायट्रो द्रव्य बेताबेताने सोडावयाचे आणि ढवळणी अखंड चालू ठेवावयाची. रंगाच्या धंद्यातील अनुभवी कामगार मधूनमधून एक थेंब टिपकागदावर टाकून पाहतो. त्याभोवतीची पिवळी कड नाहीशी झाली की बॅच उतरली असे समजून तो फिल्टर प्रेसची तयारी करतो. गाळून निघालेला द्राव हा माल, आणि प्रेसच्या पट्ट्यांमध्ये चिकटून राहिलेला काळा, ओला, जड लगदा हा लोखंडाचा गाळ.

या गाळाचा जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे. पॅरासिटॅमॉल ज्यापासून बनते ते पॅरा-ॲमिनोफिनॉल पूर्वापार असेच तयार होत असे: क्लोरोनायट्रोबेंझीनपासून नायट्रोफिनॉल, आणि त्याचे लोखंडाने क्षपण. समीकरणाच्या हिशेबाने एक टन पॅरा-ॲमिनोफिनॉलसाठी सुमारे १.१५ टन लोखंड खर्ची पडते आणि सुमारे १.६ टन लोहाचे ऑक्साइड शिल्लक राहते. हा कागदावरचा आकडा झाला; प्रत्यक्षात लोखंड जास्त घालावे लागते आणि गाळात पाणी व कार्बनी द्रव्याचे अंशही राहतात, म्हणजे फाटकातून मालापेक्षा कचऱ्याचीच रवानगी अधिक होते. जर्मनीत बायर कंपनीने १९२५ च्या सुमारास लाउक्स यांच्या युक्तीने याच गाळातून काळे व तांबडे रंगद्रव्य काढून त्याचे सोने केले, हे खरे. परंतु त्याला क्षपणाची सगळी क्रिया त्या हेतूने बांधून काढावी लागते, भट्ट्या लागतात आणि गिऱ्हाईकही लागते. एका शेडमध्ये दोन भांडी मांडून धंदा करणाऱ्याला ती ऐपत नसते. अशा ठिकाणी तो गाळ अंगणात साठतो, पावसात वाहतो, आणि नाल्यावाटे कोठे जातो हे डोंबिवलीकरांना मी सांगावे असे नाही.

लोखंडाला पर्याय आहे तो हायड्रोजन वायूचा. पण हायड्रोजनचा रेणू स्वभावाने सुस्त असतो. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात आणि धातूच्या पृष्ठभागावर ते सुटे झाल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. हे काम निकेलवर होते हे साबात्ये आणि सांदरां यांनी १८९७ मध्ये दाखविले आणि त्या संशोधनाबद्दल साबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती तुपाचा सारा धंदा त्याच निकेलवर उभा राहिला. नायट्रोबेंझीनचेही निकेल, तांबे, पॅलेडियम किंवा प्लॅटिनम यांच्यावर ॲनिलिन होते, आणि कचरा म्हणून केवळ पाणी उरते.

येथपर्यंत अभिक्रिया घडवून आणण्याचा प्रश्न होता. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न ती अर्ध्यावर रोखण्याचा होता, आणि माझ्या मते संशोधक रसायनज्ञाचे खरे कसब तेथेच दिसते. नायट्रोबेंझीनपासून ॲनिलिनपर्यंतच्या प्रवासात फिनिल-हायड्रॉक्सिलअमाइन नावाचे एक अल्पजीवी द्रव्य मध्येच निर्माण होते. ते आम्लाच्या हाती लागले तर त्यातील ऑक्सिजन नायट्रोजनवरून सुटून जातो, बेंझीन वलयाच्या थेट समोरच्या टोकाला पाण्यातला ऑक्सिजन येऊन बसतो आणि पॅरा-ॲमिनोफिनॉल तयार होते. या पुनर्रचनेला बांबेर्गर यांचे नाव आहे. तेच द्रव्य त्या धातूच्या, म्हणजे उत्प्रेरकाच्या, तावडीत राहिले तर आणखी हायड्रोजन घेऊन त्याचे ॲनिलिन होते. एकाच द्रव्याला दोन वाटा फुटतात, दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी. आणि ॲनिलिनची वाट उताराची असल्यामुळे सारे काही तिकडेच धावू पाहते.

आता भांड्याच्या आत डोकावून पाहू. वर हायड्रोजन वायू; खाली विरल गंधकाम्लाचे पाणी; त्या पाण्यात न मिसळणारे आणि पाण्याहून जड असलेले नायट्रोबेंझीन; आणि कोळशाच्या बारीक भुकटीवर बसविलेले प्लॅटिनमचे कण. वायू, दोन द्रव आणि एक घन अशा चार अवस्था एका ऑटोक्लेव्हमध्ये कोंडलेल्या. ढवळणी सुरू झाली की तेलाचे सूक्ष्म थेंब होतात, आणि कोळशाच्या कणाला तेल अधिक प्रिय असल्यामुळे उत्प्रेरक त्या थेंबांशी लगट करून राहतो. याचाच फायदा घ्यावयाचा. थेंबात जन्मलेले हायड्रॉक्सिलअमाइन आम्लाच्या पाण्यात ओढून काढावयाचे, म्हणजे ते प्लॅटिनमपासून दूर जाते आणि पाण्यात निर्वेधपणे आपले रूप बदलते. हायड्रोजनचा दाब बेताचा ठेवला तर दुसरी वाट मंदावते. तापमान चढविले तर पुनर्रचनेचा वेग वाढतो. थेंब आणि पाणी यांचा संपर्क वाढविण्यासाठी साबणाच्या जातीचे एखादे द्रव्य चिमूटभर घालता येते. नायट्रोबेंझीन पूर्णपणे संपू न देण्याची युक्ती अमेरिकेतील कारखानदारांना आधीपासून अवगत होती: थोडे तेल शिल्लक ठेवले की उत्प्रेरक त्यातच राहतो आणि तेलासकट पुढच्या बॅचला वापरता येतो. प्लॅटिनमचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना या काटकसरीचे मोल कळेल.

ही मूळ कल्पना पुण्याची नव्हे, हे मुद्दाम नमूद करतो. ड्यू पाँ कंपनीच्या रसायनज्ञांनी १९४० मध्येच अशा हायड्रोजनीकरणाचे पेटंट घेतले होते. पुण्यात काय झाले, तर आम्लाची तीव्रता, दाब, तापमान, उत्प्रेरकाचे प्रमाण अशा एकेका घटकाचा परिणाम दाबाखालील भांड्यात पद्धतशीरपणे तपासला गेला आणि कोणत्या मर्यादांत पॅरा-ॲमिनोफिनॉलचे पारडे जड राहते हे ठरविले गेले. या कामाचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि एकाच टप्प्यात पार पडणाऱ्या या कृतीचे अमेरिकन पेटंट २००० साली मिळाले. चौधरींची त्यासाठीची तयारी जुनी होती: वायू, द्रव आणि घन एकत्र नांदणाऱ्या उत्प्रेरकी भांड्यांवर त्यांनी रामचंद्रन यांच्यासह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. वायू द्रवात किती वेगाने विरघळतो आणि घनापर्यंत कसा पोहोचतो याचे गणित ज्याने वर्षानुवर्षे केले, त्यालाच अशा भांड्याची नाडी सापडते. नुसत्या समीकरणाने ती सापडत नाही.

फलश्रुतीचा हिशेबही मघाच्याच खातेवहीत लिहू. या वाटेने एक टन पॅरा-ॲमिनोफिनॉलसाठी समीकरणाप्रमाणे सुमारे ३७ किलो हायड्रोजन लागतो आणि १६५ किलो पाणी सुटते. जेथे १.१५ टनाच्या आसपास लोखंड जात होते, तेथे ३७ किलो वायू!

तरीही हा ताळेबंद अद्याप पुरा झालेला नाही. काही माल ॲनिलिनच्या वाटेने जातोच, आणि औषधाच्या मालात ॲनिलिन खपत नसल्यामुळे ते टोल्युइनसारख्या द्रावकाने धुऊन काढावे लागते. पॅरा-ॲमिनोफिनॉलचे शुद्ध केलेले पांढरे स्फटिक हवेत उघडे राहिले तर तपकिरी पडतात, म्हणून सुकविण्याचाही बंदोबस्त चोख लागतो. शिवाय उष्णता. १२३ ग्रॅम नायट्रोबेंझीनचे ॲनिलिनपर्यंत क्षपण होताना सुमारे १३० किलोकॅलरी बाहेर पडतात. दीड लिटर पाणी उकळीला आणण्यास त्या पुरून उरतात. ढवळणी बंद पडली, थंड पाण्याचा प्रवाह खंडित झाला किंवा हायड्रॉक्सिलअमाइन साचत गेले, तर हीच उष्णता जिवावर बेतते. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेला स्फोट निराळ्या द्रव्यांचा होता, पण रासायनिक कारखान्यातला स्फोट वस्तीपर्यंत पोहोचतो म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या शहराने पाहिले. म्हणून दाबाची भांडी, हायड्रोजनची साठवण, परवाने आणि प्रशिक्षित माणसे यांवरचा खर्च टाळून लोखंडाऐवजी हायड्रोजन आणावा, असा सल्ला मी कोणाही लहान कारखानदाराला देणार नाही. तो खर्च चार-सहा कारखान्यांनी मिळून उचलावा आणि क्षपणाचे काम एका सुसज्ज ठिकाणी करून घ्यावे, ही तजवीज मला अधिक शहाणपणाची वाटते.

आणि शेवटी गंधकाम्ल. पुनर्रचना त्याच्याशिवाय होत नाही, आणि काम संपल्यावर ते अमोनियाने शमवावे लागते. लोखंडाचा गाळ गेला तरी अमोनियम सल्फेट उरते. या प्रश्नाचे उत्तर घन आम्लांत शोधले जात आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या मंडळींच्या यूडीसीटीत, कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले डॉ. गणपती यादव यांनी झिर्कोनियावर आधारलेली अशी आम्ले तयार करून अनेक अभिक्रियांत द्रव आम्लांच्या जागी वापरली आहेत. ती गाळून परत घेता येतात, शमवावी लागत नाहीत. प्लॅटिनम आणि घन आम्ल एकाच कणावर बसवून नायट्रोबेंझीनपासून थेट पॅरा-ॲमिनोफिनॉल काढण्याचे प्रयत्न जपानसह इतर देशांतही झाले आहेत. मुंबईच्या किंवा पुण्याच्या या प्रयोगशाळांत आज जो विद्यार्थी या प्रश्नाला हात घालील, त्याला त्या एका कणावर आम्ल व धातू किती अंतरावर ठेवावयाचे, हे ठरवावे लागेल.